चतुर्दशीचं पान

नारायणराव वामनरावांना जेवायला बोलवायला आले, तेव्हा भगवान शिंप्याच्या ओट्यावर पेपर वाचणं चालू होतं. वाचन मधेच तोडू नये म्हणून ते समोरच्या निंबाच्या खोडाला टेकून उभे राहिले.

पितृपक्षातली चतुर्दशी होती. हत्यारानं मेलेल्यांचा दिवस. नारायणरावांचा मुलगा इंद्रभान पलटणीत होता. गेल्या वर्षी सरकारी कागद आला, त्यात तो बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं. त्यानंतर काहीच नाही. मेला असेल तर उपाशी फिरत असेल, असं म्हणून भाऊकीनं यंदा त्याचं पान वाढायचं ठरवलं. पलटणीत गेलेल्याच्या नावानं पलटणीतलाच माणूस जेवावा. म्हणून वामनराव हवालदार. मागच्या, चौदा सालच्या लढाईतून ते परत आले होते. ते जेवून उठले की सुनेनं, इंद्रभानच्या कोकिळेनं, कुंकू पुसायचं, हेही ठरलं होतं. सकाळपासून ती चुलीपुढून उठली नव्हती.

वामनराव ओट्याच्या कडेला बसले होते. शिंप्यानं दिलेली चहाची कपबशी त्यांनी बाजूला सरकवून ठेवली होती. पितर म्हणून जेवणाऱ्यानं पानावर बसेपर्यंत तोंड उष्टं करायचं नसतं. एक घोट घेतला तरी तो माणूस त्या दिवशी चालत नाही.

जानेफळच्या बाजारातून आलेला शिळा पेपर पंजाबराव वाचत होता. अमरावतीला कॉलेजात शिकणारा पोरगा. गावी आला की वाचायचं काम त्याचंच. आज पेपरात मुलाखत होती. लढाईत नसलेल्या कुठल्याशा देशाचा बातमीदार थेट शत्रूच्या मुख्याला भेटून आला होता.

"त्या बातमीदाराले उभंच ठेवलं, का बसू देलं?" शिंप्यानं विचारलं.

"खुर्ची देली. कॉफीबी पाजली."

"पाहा. आपला तहसीलदार तं पायरीवर उभं राहू देत नाही."

लोक हसले. इंग्रजाचं राज्य फार दिवस टिकत नाही, असं तो मुख्य म्हणाला होता. त्यावर दोघातिघांनी माना डोलावल्या. "मानूस रोखठोक दिसते," ओट्यावरचे शेषराव म्हणाले.

पंजाबरावनं पान उलटलं. "'हिंदुस्थानी कैद्यांचे काय, असे विचारता ते म्हणाले, त्यांच्याशी आमचे वैर नाही. ते सुखरूप आहेत. युद्ध संपताच त्यांना घरी पाठवू.'"

"फेकते," शेषराव म्हणाले.

"काका, मघाशी तं रोखठोक म्हनून राह्यले होते."

"ते इंग्रजाचं होतं. कैद्याले कोन पोसते बे? लढाईत घरच्या बैलाले कडबा पुरत नाही." शेषराव वामनरावांकडे वळले. "हवालदार, तुमी सांगा. तुमी पाह्यली हाय लढाई."

वामनरावांनी घसा साफ केला. "मागच्या लढाईत आमच्यापाशीबी कैदी होते. असाच एक पेपरवाला आला होता. आमच्या साहेबानं त्याले सांगतलं, समदे सुखरूप हायेत म्हनून."

"मंग? होते का?"

वामनराव सांगणारच होते. मान वर केली आणि निंबाखाली नारायणराव दिसले. ओट्यावरची माणसं एकेक करून तिकडे पाहू लागली.

नारायणराव पुढे आले. "पंजाब, नावं देली हायेत काय रे त्याच्यात?"

"नाही काका."

"किती हायेत ते?"

"तेबी नाही लिव्हलं."

"त्याचं बोलनं पुन्यांदा वाच."

पंजाबरावनं वाचलं.

"सुखरूप. हे कुठं लिव्हलं हाय?"

पंजाबरावनं त्या शब्दावर बोट ठेवलं. नारायणरावांना वाचता येत नव्हतं. तरी वाकून त्यांनी तो शब्द पाहिला, बोट काढल्यावरही पाहत राहिले. मग कंबर सरळ केली.

"चला, हवालदार. पान वाढून तयार हाय. सूनबाई थांबली हाय."

वामनराव उठले. एक पाय चपलेत घातला, दुसरी चप्पल पायानंच चाचपली. ती सापडली, तरी त्यांनी पाय घातला नाही. घातलेला पायही काढून घेतला आणि ते पुन्हा खाली बसले. मग त्यांनी कपाकडे हात नेला.

"हवालदार, तुमाले जेवाले जायचं हाय," शिंपी म्हणाला.

चहा थंड झाला होता. वर साय धरली होती. वामनरावांनी तो न थांबता पिऊन टाकला. मिशी पुसली.

"उष्टा झालो, नारायणराव. आज माह्याकून होत नाही. सूनबाईले सांगा, बुढ्याले उपास झेपला नाही."

"मंग दुसरं कोनी..." शेषरावांनी सुरुवात केली.

"पलटनीतला दुसरा मानूस नाही गावात," वामनराव म्हणाले.

नारायणराव लगेच हलले नाहीत. पेपराची घडी पंजाबरावच्या मांडीवर होती, तिच्याकडे पाहतच त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या कैद्यायचं काय झालं होतं, हवालदार?"

वामनरावांनी रिकामा कप बशीवर पालथा घातला.

"निंगा तुमी," ते म्हणाले. "पोरगी सकायपासून उपाशी असन."