दहा मिनिटांचं काम

"चरबीची गाठ आहे मावशी, दहा मिनिटांचं काम," असं म्हणत डॉक्टरांनी शिंपीणमावशींच्या दंडातली गाठ दवाखान्यातच काढली होती. टाके काढायच्या दिवशी गाठीच्या तपासणीचा अहवाल आला: सार्कोमा, स्नायू-चरबीसारख्या भागांत होणारा दुर्मीळ कर्करोग. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "मावशी, चुकलं माझं. आधी तुकडा तपासायला हवा होता. आता मोठ्या रुग्णालयात पुन्हा कापावं लागेल, आजूबाजूच्या स्नायूंसकट." मावशींनी दुसऱ्या हाताने दंड धरला. "म्हणजे शिवायचा हात जाणार?" डॉक्टर मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहू लागले. सोबत आलेल्या लेकीने ती चिठ्ठी ओढून घेतली आणि ती आईला घेऊन निघाली. मोठ्या रुग्णालयातली शस्त्रक्रिया पाच तास चालली. कुणी बोलावलं नसताना डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसून होते. शेवटी सर्जन आल्या. "गाठीभोवतीचं सगळं काढलं. हात वाचलाय." डॉक्टर ओंजळीत तोंड लपवून रडू लागले. दिवसभर त्यांच्याकडे पाठ करून बसलेल्या लेकीने पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.