तेजाची कड

म्हशीच्या शिंगांभोवतीही तेच तेज होतं.

नीळकंठ मास्तरांनी ओली फिल्म न्हाणीच्या खिडकीशी धरली. चष्मा पुसला, पुन्हा धरली. निगेटिव्हवर म्हैस पांढरी, मागची चुन्याची भिंत काळी, आणि शिंगं, कान, पाठ यांच्या लगत भिंतीहूनही काळी अशी एक बारीक कड. कागदावर हीच कड लख्ख पांढरी उमटणार.

"काय झालं मास्तर?" शेषरावांनी दारातून डोकावलं. म्हैस त्यांचीच. "बिघडली काय माही म्हैस?"

"शेषराव, मघाशी मी रोल डब्यात घालून तुमच्याकडे येऊन बसलो. किती वेळ बसलो?"

"लय वेळ. मीच म्हनलं ना, मास्तर, तुमचं तिकडं काही शिजून राह्यलं काय?"

म्हणजे डबा तसाच पडून राहिला होता. रोल धुताना तो मधूनमधून उलटसुलट करावा लागतो. रोल धुण्याचं रसायन, तो डेव्हलपरही संपत आलेला, म्हणून आज पाणी घालून पातळ केलेला.

"शिंगाभोवती उजेड आलाय," मास्तर म्हणाले.

"आँ? मंग आता हिची बी आरती करा लागते काय?" शेषराव हसले.

मास्तर हसले नाहीत. ते फिल्म धरून पाटावर बसले.

शाळेतून निवृत्त झाले तरी मास्तरांचा फिल्मचा कॅमेरा सुटला नव्हता. जानेफळच्या सप्ताहात दुपारच्या प्रवचनानंतर गोकुळ महाराजांनी मास्तरांच्या आजारी बायकोच्या, शकुंतलाबाईंच्या डोक्यावर हात ठेवला, तो क्षण मास्तरांनी टिपला होता. मागे मंडपाचं पांढरं कापड. फोटो कागदावर आला आणि महाराजांच्या सावळ्या मुखाभोवती, त्या हाताभोवती उजेडाची कड. गाव लोटलं. फोटो देवळात लागला. शकुंतलाबाई म्हणाल्या, "देवानं हात ठेवला. आता अकोला नको."

अकोल्याच्या दवाखान्यातल्या कॅन्सरच्या सुया अर्ध्यावर आल्या होत्या. दर खेपेला शकू गाडीत ओकत परत यायची, आणि दर खेपेला "आता पुरे हो" म्हणायची. आजारी माणसाचं बोलणं कोण मनावर घेतं? मास्तर तिला गाडीत बसवायचेच. पुण्याहून हिमानी फोनवर आईला दटावायची. डॉक्टर म्हणाले होते, सुया पुऱ्या करा, बाई उठतील. पण त्या फोटोपुढे हिमानीही गप्प झाली. महाराजांनी स्वतः निरोप धाडला होता, "माउली, दवाखाना सोडू नका. पांडुरंग डॉक्टरच्या हातातही असतो." लोकांना ती महाराजांची लीनता वाटली. मास्तरांनाही.

आता न्हाणीत बसल्या बसल्या त्यांना आठवलं. नवं लग्न झालेलं, शकूनं रोलचा डबा पहिल्यांदाच हातात घेतलेला आणि न हलवता ठेवून दिलेला. कोण्या नवरदेवाच्या काळ्या टोपीभोवती हुबेहूब अशीच कड आली होती. मास्तर तिच्यावर ओरडले होते. त्यानंतर तिनं कधी चूक केली नाही. अभंगाच्या ठेक्यावर डबा हलवायची. सप्ताहाचा रोलही तिच्याच हाती देऊन मास्तर हरिपाठाला गेले होते. परतले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. "डोळा लागला हो माझा," म्हणाली.

महाराजांच्या मुखाभोवती तेज दिसल्यावर डेव्हलपर कोणाला आठवतो?

"शेषराव, गाडी काढा. शकूला अकोल्याला न्यायचं. आत्ताच."

"अन् महाराजाचा फोटू?"

"त्यात महाराजांचं काही नाही. पातळ डेव्हलपर आणि न हलवलेला डबा. तुमच्या म्हशीला आलं तेच."

शेषरावांनी टोपी काढून हातात घेतली. "मास्तर, आमच्या रुखमाबाईनं त्या फोटूले नवस बोलला हाय. गावाले नका सांगू, देवा." आणि ते गाडी आणायला धावले.

आतल्या खोलीत शकुंतलाबाई कुशीवर पडल्या होत्या. उशाशी मोबाइलवर कीर्तन लागलं होतं. टाळांचा आवाज बारीक ठेवलेला. अंगावरची गोधडी त्यांच्याहून जड दिसत होती.

मास्तर खाटेशी बसले. ओली फिल्म अजून हातातच होती.

"शकू, तो उजेड खरा नव्हता गं." त्यांनी सगळं सांगितलं. म्हैस, भिंत, डबा. "तुझी चूक नाही. एवढं दुखणं, डोळा लागायचाच. ओळखायला मला हवं होतं. मी आंधळा झालो. ऊठ, गाडी येतेय. डॉक्टरच्या पाया पडेन मी. अजून वेळ गेली नसेल."

शकुंतलाबाईंनी कीर्तन बंद केलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"तुम्ही रडू नका आधी," त्या म्हणाल्या. हाडाहाडांचा हात त्यांनी मास्तरांच्या गुडघ्यावर ठेवला. "आणि शेषरावांना परत पाठवा."

"शकू, अगं—"

"माझा डोळा नव्हता लागला. तुमचा हरिपाठ संपेपर्यंत त्या डब्याशी मी जागी बसून होते, मुद्दाम न हलवता. डेव्हलपरमध्ये पाणीही मीच वाढवलं. माझं कोणी ऐकत नव्हतं हो. देवाचं तरी ऐकाल, म्हटलं."