दक्षिणेचा कोपरा

पट्टी आजही तिथेच होती.

सेवकरामांनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. काळ्या पडद्यावर नकाशा हळूहळू उमटला आणि त्याच्या दक्षिणेच्या कोपऱ्यावर ती करडी पट्टी दिसली. रेघ, चौकोन, वर्तुळ, खोडणे, सगळी अवजारे पोटाशी घेऊन ती निवांत बसली होती.

नकाशे आखण्याच्या प्रणालीच्या जुन्या आवृत्तीत ही पट्टी डाव्या कडेला खिळ्यांनी ठोकल्यासारखी असे. आठ दिवसांपूर्वी नागपूरहून नव्या फ्लॉपी आल्या. पहिले दोन दिवस ती शहाण्यासारखी वागली. तिसऱ्या सकाळी मात्र ती नकाशाच्या अंगावर येऊन बसलेली आढळली, आणि मग हललीच नाही. दक्षिणेचा कोपरा महिन्यापूर्वीच पुरा झाला होता, म्हणून सेवकराम भाताच्या बांधीत बसलेल्या म्हशीला वळसा घालावा तसे उरलेल्या नकाशात काम करत राहिले.

पण आज वळसा घालून भागणार नव्हते. धरणात जाणाऱ्या सोनखांब गावाच्या नव्या वसाहतीचा हा नकाशा दुपारी तीन वाजता नागपूरचे मोठे साहेब पडद्यावर पाहणार होते आणि छापील प्रतीवर सही करणार होते. पवनीच्या कार्यालयात यंत्र नीट चालत नसेल तर ते परत न्यावे, असे पत्रात स्पष्ट लिहिले होते. सव्वीस वर्षे शाईच्या लेखणीने गावे आखल्यावर, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी सेवकराम माऊस धरायला शिकले होते. यंत्र गेले की त्यांची रवानगी गोदामात होणार होती.

त्यांचे साहेब लक्ष्मणराव यांनी कारागीर बोलावण्याचे दोनदा टाळले. सवय होईल, एवढेच ते म्हणाले. शेवटी सेवकरामांनी स्वतःच फोन लावला.

दहाच्या एस.टी.ने संगणकाचा कारागीर घनश्याम आला. जाड चष्म्याचा, चाळिशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने माऊसच्या पोटातला गोळा काढून पुसला, फ्लॉपी पुन्हा चढवल्या. पट्टी परत दक्षिणेच्याच कोपऱ्यात उगवली.

मग त्याने पट्टीच्या माथ्यावरची बारीक गडद किनार माऊसने धरली आणि ओढली. पाण्यावरच्या पानासारखी पट्टी चार बोटे वर सरकली, तरी कोपऱ्याचा थोडा भाग तिच्याखालीच राहिला.

"हे हलते?" सेवकरामांनी विचारले.

"नव्या आवृत्तीत हलते. पुस्तिका नाही वाचली काय तुम्ही?"

इंग्रजीतली जाड पुस्तिका आली त्याच दिवशी साहेबांकडे जमा झाली होती, आणि जमा झालेली वस्तू मागण्याची रीत त्या कार्यालयात नव्हती.

"म्हणजे बिघाड नाही?"

"नाही जी. जिथं ठेवली तिथंच ते दुसऱ्या दिवशी निघते. आपल्या पायानं नाही चालत, सेवकरामजी. कोणीतरी आणून ठेवून राहिलं."

सेवकरामांचे लक्ष आता पट्टीखालून मोकळ्या झालेल्या जागेवर खिळले. तिथे त्यांनी न आखलेले सहा भूखंड होते. रेघा नवशिक्याच्या, पण मापाला पक्क्या. प्रत्येकात इंग्रजी अक्षरांत एक नाव होते. धुरपता. लीलाबाई. शकुनबाई. विमलाबाई. रुखमिणी. मंदाबाई.

ही नावे त्यांना ठाऊक होती. सोनखांबात घर चुलीवरून मोजत. चूल वेगळी, तर घर वेगळे. सरकारी यादीने मात्र दारे मोजली होती. दिराच्या नाहीतर भावाच्या दारातून ये-जा करणाऱ्या, पण आपली चूल वेगळी पेटवणाऱ्या या एकट्या बाया यादीतून गळाल्या. सुनावणीत लक्ष्मणरावांनी दार दाखवा म्हटले तेव्हा धुरपता भरसभेत म्हणाली होती, "भात दारावर शिजते का साहेब?" लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी लाल पेन्सिलने सगळे अर्ज फेटाळले.

घनश्यामने यंत्रात नोंदलेली वेळ काढून दाखवली. काल संध्याकाळी सहा वीस. सेवकराम साडेपाचच्या गाडीने गावी जात. खोलीची किल्ली चौकीदार तुलारामकडे असे, आणि धुरपता तुलारामची सख्खी बहीण.

"पण तुलाराम तं अंगठा लावते," सेवकराम पुटपुटले. कोणीतरी लिहिणारा त्याच्या सोबतीला असला पाहिजे.

छापताना पट्टी कागदावर येत नाही, भूखंड मात्र येतील, असे घनश्यामने सांगितले. नकाशा सेवकरामांच्या नावावर होता. त्यांनी बाण खोडण्याच्या चिन्हावर नेला आणि तिथेच थांबले. बोट दाबवेना. न खोडावे तर नोकरी जाईल, खोडावे तर सहा चुली विझतील. निदान ते आपल्या हाताने नको, असे त्यांच्या मनाने घेतले.

पावणेतीनला ते साहेबांच्या खोलीत गेले. लक्ष्मणराव खाली मान घालून फाइल वाचत होते. सेवकरामांनी सगळे सांगितले. किल्लीचा उल्लेख करताना त्यांचा आवाज खाली गेला.

"तुलारामला यात ओढू नका," साहेब म्हणाले. "कारागिराला गाडीला बसवून द्या. आणि पट्टी होती तिथे ठेवा."

आपण नीट सांगितले नसावे, असे सेवकरामांना वाटले.

"साहेब, यादीबाहेरची घरं आहेत जी त्याच्याखाली. एक-दोन नाही. सहा."

लक्ष्मणरावांनी फाइलचे पान उलटले.

"सात," ते म्हणाले.