घाट आणि गोळी

फोन वाजला तेव्हा भूगोलाचे सर टेम्पोच्या हौद्यात आपल्या सायकलीशेजारी पाय पसरून केळं खात बसले होते. सायकल दोरीने फळीला बांधलेली होती. टेम्पो घाट चढत होता.

व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर नाव आलं: इन्स्पेक्टर.

"मेलो," सर म्हणाले.

इन्स्पेक्टर नऊ वर्षांची होती. कॅन्सर झालेल्या मुलांसाठी निघालेल्या या चारशे किलोमीटरच्या सायकलफेरीत प्रत्येकाला वॉर्डातलं एक मूल नेमून दिलं होतं. सरांच्या वाट्याला ही आली. सलाईनचे थेंब ती स्वतः मोजायची, म्हणून हे नाव. पण दोन दिवसांच्या गोळ्या आज सकाळी तिच्याच उशीच्या अभ्र्यात सापडल्या होत्या. डॉक्टर बोलून दमले, आई रडून दमली. शेवटी सरांशी सौदा ठरला: सरांनी सायकलवर घाट चढायचा, इन्स्पेक्टरने गोळी गिळायची.

सरांनी केळ्याची साल खिशात कोंबली, हेल्मेट चढवलं आणि बांधलेल्या सायकलीवर टांग टाकली. पॅडल पुढे फिरेना, म्हणून ते उलटं मारत त्यांनी फोन घेतला.

"सर, घाट लागला?"

"लागला ना! फार अवघड चढ आहे बाळा, बारा मीटरला एक मीटर तरी असेल, त्यात समोरून वारा, आणि माझा गुडघा तर तुला माहीतच आहे."

"दम लागलाय?"

"प्रचंड."

"मग एवढं लांब वाक्य एका दमात कसं बोललात?"

सर ताबडतोब धापा टाकू लागले. त्यांच्या खांद्यामागे एक हिरवी जर्सी दिसली आणि बघता बघता लहान होत गेली.

"ते हिरवे काका मागे पडले? ते तर रोज पहिले येतात."

"आज... त्यांना... जमत नाहीये," सर म्हणाले.

तेवढ्यात पुढून ड्रायव्हर ओरडला, "सर, वर पोचलो की हॉर्न देतो! तोवर पडा निवांत!"

सरांचे पाय थांबले. औषधांनी इन्स्पेक्टरच्या भुवया केव्हाच गेल्या होत्या. तरी त्या उंचावल्याचं सरांना स्पष्ट दिसलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी पण गिळल्यासारखं करते." तिने गोळी गालात सारली आणि रिकामा तळहात दाखवला.

मागून सिस्टरचा आवाज आला. "काय हो सर! तुमच्या भरवशावर होते मी. आज पोटात गेली नाही, तर डॉक्टर नाकातून नळी घालणार आहेत."

इन्स्पेक्टरने नाकावर हात ठेवला. एवढं सोडलं तर ती अगदी शांत होती.

"थुंक ती," सर म्हणाले. "उतरतो मी."

"इथे नाही. खालून. पहिल्या वळणापासून."

"तीन किलोमीटर मागे आहे ते!"

तिचा गाल फुगलेलाच होता.

"खालून," सर म्हणाले.

तिने गोळी थुंकली. सिस्टरने ती टाकून दुसरी काढली आणि चमच्यात ठेवली. "दमलात तर उतरून ढकला," इन्स्पेक्टर म्हणाली. "ते चालेल."

टेम्पो वळला. उतारावर हिरव्या जर्सीवाले भेटले. "काय सर, घरी गॅस चालू राहिला वाटतं?" ते ओरडले. सरांनी तोंड फिरवलं.

पहिल्या वळणावर सायकल खाली उतरली. सरांनी फोन हँडलला अडकवला. आता इन्स्पेक्टरला त्यांच्या नाकपुड्या तेवढ्या दिसत होत्या. आयुष्यभर सरांनी फळ्यावर घाट काढले होते, रंगीत खडूंनी, बोगद्यासकट. फळ्यावरचा घाट दोन मिनिटांत संपतो.

"गिअर बदला," ती म्हणाली.

"गोळी... कुठे आहे?"

"तुम्ही पुढे बघा."

दुसऱ्या वळणावर पडदा काळा झाला.

"रेंज गेली," मागून टेम्पो हळूहळू आणणारा ड्रायव्हर म्हणाला. "घाटात जातेच. चला, बसा आता. इथं बघायला कोण आहे? शेवटच्या वळणाला उतरवतो तुम्हाला."

सरांनी मागे पाहिलं. हौद्यात, सावलीत, केळ्यांचा उरलेला घड होता.

"ती चमचा धरून बसली असेल," ते म्हणाले, आणि पुन्हा पॅडल मारू लागले.

तिसऱ्या वळणावर ते उतरले आणि ढकलू लागले. चौथ्यावर पुन्हा चढून बसले. पाचव्या वळणावर एक बकरी त्यांच्या पुढे निघून गेली. ड्रायव्हरने आधी हॉर्न मारणं सोडलं, मग बोलणं सोडलं. शेवटच्या चढावर तर त्याने टेम्पो थांबवला आणि नुसता बघत राहिला.

वर पोचल्यावर सर सायकलसकट गवतात आडवे झाले. फोन वाजला. सिस्टर होत्या, हळू आवाजात बोलत होत्या.

"गिळली?" सरांना एवढंच बोलता आलं.

"गिळली. टॉर्च लावून बघितलं मी, गाल, जीभ, सगळं. आता झोपलीय."

"कधी?"

"तुम्ही टेम्पोतून उतरलात ना, तेव्हाच."

सरांनी मान वर करून घाटाकडे पाहिलं. खाली सहा वळणं दिसत होती.

"मग सांगायचं नाही का हो मला!"

"सांगणारच होते. तिने फोनच बंद करून उशीखाली ठेवला. म्हणाली, एवढ्यात नको, सर लगेच टेम्पोत बसतील."