सात दिवसांची पिशवी

पाहणीवाली मुलगी हौसाच्या हाती मोठी पिशवी देऊन म्हणाली, "मावशी, सात दिवस घरातला सगळा कचरा यातच टाका. बंगल्यातून किती निघतो, वस्तीतून किती, ते आम्ही मोजतोय. काही लपवू नका."

हौसाने कांद्याची सालं, चुलीतली राख आणि नवऱ्याच्या दारूच्या रिकाम्या बाटल्याही पिशवीत टाकल्या.

पाचव्या दिवशी पिशवीतल्या बाटल्या नवऱ्याच्या नजरेस पडल्या. "माझी अब्रू तराजूत घालतीस व्हय?" म्हणत त्याने एक बाटली भिंतीवर फोडली आणि हातात उरलेला तुकडा तिच्या दंडात खुपसला. अकरा वर्षं ती त्याचा मार मुकाट्याने खात आली होती. आताही तिने दंडाला फडकं बांधलं, काचा वेचल्या आणि पिशवीत टाकल्या.

तो पिशवीच उचलून गटारात फेकायला निघाला, तेव्हा मात्र तिने वरवंटा घेतला आणि त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. तो कळवळत खाली बसला.

"पिशवीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. तिच्या घरात काय काय होतं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आठव्या दिवशी मुलगी काटा घेऊन आली. पिशवीतल्या रक्ताळलेल्या काचा, हौसाचा सुजलेला दंड आणि गळ्यात हात बांधून दारात बसलेला नवरा पाहून ती थबकली. "मावशी, पोलिसात जायचं का? मी येते बरोबर."

नवऱ्याने मान खाली घातली.

"आधी वजन कर," पिशवी काट्याला अडकवत हौसा म्हणाली. "मग जाऊ."