तंबूची जागा

घड्याळजींनी दुकानाच्या मागच्या खोलीतून तिसऱ्यांदा फोन लावला.

“लक्षात आहे ना? तंबूची जागा भरली म्हणायचं. आणि एक खोली माझ्यासाठी धरून ठेव.”

“काका, किती वेळा तेच?” डोंगरावरच्या मैदानाचा राखणदार म्हणाला.

गेली चाळीस वर्षं नवरा-बायको दरवर्षी त्या मैदानावर तंबू ठोकत आले होते. लग्न नवं होतं तेव्हा कॅम्पिंग म्हणजे उजाडेपर्यंत गप्पा. पोरं झाल्यावर कॅम्पिंग म्हणजे कुणाचा तरी हरवलेला एक बूट शोधणं. आणि आता जमिनीवरून उठताना झाडाला धरणं. झाड जवळ नसेल तर देवाचा धावा.

पण हे बायकोला सांगायचं कुणी? ती खेळाची शिक्षिका. लग्नाआधीच तिनं बजावलं होतं, गादीशिवाय झोप न येणारा नवरा मला चालणार नाही. आता या वयात तिच्या नजरेतून उतरायचं? घड्याळजींना नुसत्या विचारानंच धडकी भरायची.

निघताना तंबूची पिशवी तिनंच उचलली.

“आण इकडे, जड असेल,” ते म्हणाले.

“राहू द्या. तुम्ही आपली कंबर सांभाळा.”

बसमध्ये पिशवी तिच्या मांडीवर होती. घड्याळजींनी पिशवीवर डोकं टेकवलं. जुना तंबू यंदा भलताच मऊ लागत होता. दोन मिनिटांत ते घोरू लागले.

राखणदार फाटकाशीच उभा होता. “या. जरा पंचाईत झालीय. तंबूची जागा भरली,” तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

त्याच्यामागे अख्खं मैदान मोकळं होतं. एक शेळी तेवढी चरत होती. घड्याळजी घाईनं आडवे उभे राहिले, पण बायको आधीच मैदानाकडे पाठ करून कचेरीच्या पायरीवर टेकली होती.

“अरेरे, विरस झाला,” ते म्हणाले.

“नाइलाज आहे. खोलीत भागवू,” ती म्हणाली.

भांडण नाही, हुज्जत नाही. बिचारीला काही पत्ताच नाही, घड्याळजींना वाटलं. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली आणि तिच्या मागोमाग कचेरीत शिरले.

राखणदारानं टेबलावर दोन किल्ल्या ठेवल्या.

“यातली कुठली देऊ? ही काकांनी धरून ठेवायला सांगितलेली, आणि ही काकूंनी.”