नव्या यंत्राचा दोष

“वहिनी, बाबांना कोरी करकरीत वस्तू आणून देऊ नकोस, ते आजारी पडतात,” असं नणंदेने बजावलं होतं. मी ते हसण्यावारी नेलं.

सासऱ्यांच्या गवत कापायच्या जुन्या यंत्राला माझ्या लेकीच्या मोडक्या बाबागाडीची चाकं होती, कुकरची मूठ होती आणि गवत गोळा करायला उशीचा अभ्रा. दोरी ओढली की ते आधी खोकायचं, मग गवत कापण्याआधी स्वतःचेच नट गाळायचं. लेक नुकती रांगायला लागली होती आणि दिसेल ते तोंडात घालत होती.

“बाबा, एक दिवस पातं निसटेल हो.”

“कुठं निसटतंय? सायकलच्या ट्यूबने आवळलंय.”

त्याच दिवशी मी ते भंगारात दिलं आणि नवं आणलं. नव्याने दहा मिनिटांत अंगण साफ केलं. मग बाबा खुर्चीत बसले, ते चार दिवस बसूनच राहिले. जेवायला बोलावलं तर म्हणायचे, “भूक नाही गं.” नातीलाही हाक मारेनात.

पाचव्या दिवशी सकाळी मी गुपचूप जाऊन नव्या यंत्राच्या पिशवीचा हुक ढिला केला.

“बाबा, ही पिशवी सारखी निघतेय.”

त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि उठले. “हल्लीच्या मालात दमच नाही. जा, तुझा एक केसांचा रबर आण. आणि पोहे कर, भूक लागलीय.”

तुमच्या घरातला खुडबुड्या माणूस दोन दिवस गप्प असेल, तर जरा उठून त्याला बघून या.